कँटनीचा श्रीगणेशा

साठी उलटल्यावर पुन्हां मुळाक्षरें गिरविण्याचा प्रसंग येईल, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. उभा जन्म दुसऱ्यांच्या मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत गेला. आतां पेन्शन, सकाळचें फिरणें आणि दुपारीं एखाद्या भाष्याचीं चार पानें, यांवर उरलेले दिवस सुखानें जावेत, एवढीच इच्छा होती. परंतु चिरंजीव नोकरीनिमित्त हाँगकाँगला स्थायिक झालेले, सूनबाईही तेथेंच एका कचेरींत कामाला, आणि घरीं चार वर्षांची नात. तिच्यापाशीं घरचें माणूस असावें म्हणून तीन वर्षांपूर्वीं आम्ही उभयतां पुण्याचें बिऱ्हाड आवरून तिकडे गेलों. लांताउ नांवाच्या बेटावर, विमानतळाच्या शेजारीं, तुंग चुंग म्हणून वस्ती आहे. तेथें एका उत्तुंग इमारतीच्या एकविसाव्या मजल्यावर तीन लहान खोल्या, हें आमचें घर. लिफ्टमधील बटणांकडे पहिल्याच दिवशीं आमचें लक्ष गेलें. त्यांत ४, १४ आणि २४ हे आंकडेच नव्हते. मजले मोजणाऱ्याची चूक झाली असावी, अशी आमची तेव्हां समजूत झाली. खरें कारण कळण्यास पुढें बराच काळ लागला.

हाँगकाँगांत कँटनीवांचून कांहीं अडत नाहीं, असें आम्हांस तेथील आपल्या बहुतेक मंडळींनीं सांगितलें, आणि वरवर पाहतां तें खरेंही आहे. १८४२ च्या तहानें हें बेट इंग्रजांकडे गेलें व १ जुलै १९९७ रोजीं चीनकडे परत आलें. मधल्या काळांत १९७४ पर्यंत सरकारदरबारची भाषा एकटी इंग्रजीच होती. अजूनही रस्त्यांच्या पाट्या, आगगाडींतील सूचना, दवाखान्यांतील कागद, सर्व इंग्रजींत मिळतात. त्यामुळें एक शब्द न शिकतां वीस वीस वर्षें काढलेले सुशिक्षित गृहस्थ येथें भेटतात, व तें थोड्याशा अभिमानानें सांगतातही. पण शहराची वस्ती सुमारें ७४ लक्ष, आणि २०२१ च्या खानेसुमारीप्रमाणें त्यांपैकीं शेंकडा ८८ लोकांच्या घरीं कँटनीच बोलली जाते. भाजीवाली, बसवाला, शेजारीण आणि नातीच्या वर्गांतील मुलें या ८८ मध्यें असतात. चीनच्या दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांताची ही भाषा. त्या प्रांताच्या राजधानीस इंग्रज कँटन म्हणत, त्यावरून हें नांव पडलें. तिला चिनी भाषेची एक ‘बोली’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु पेकिंगचा मनुष्य व कँटनचा मनुष्य आपापल्या भाषेंत बोलूं लागले, तर एकमेकांचें त्यांस तितपतच कळेल, जितपत पुणेकरास बंगाल्याचें कळतें. मग ती बोली कीं भाषा, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

आमचें अडलें तें नातीच्या शाळेवरून. ती वस्तींतल्याच एका साध्या शाळेंत दुसरींत आहे. बालवर्गापासून चिनी मुलांत वाढल्यामुळें कँटनी ती पोपटासारखी बोलते. असें असूनही गेल्या वर्षीं शाळेकडून पत्र आलें कीं, चिनी विषयांत मुलगी फारच मागें आहे, वर्गांत लक्ष देत नाहीं, आणि सुधारणा न झाल्यास पालकांनीं अन्य शाळेचा विचार करावा. चिरंजीवांपुढें दोन मार्ग होते. एक, भरमसाट फीच्या इंग्रजी शाळेंत घालणें, जें त्यांच्या आवांक्याबाहेरचें होतें. दुसरा, मुलीला आमच्याबरोबर पुण्यास पाठविणें. हा दुसरा मार्ग आम्हांस मनापासून आवडला होता, हें येथें कबूल केलें पाहिजे. पुणें, आपलें घर आणि नात, असा तिहेरी लाभ त्यांत होता. सूनबाई मात्र त्या रात्रीं जेवल्या नाहींत.

तरी निर्णय होण्यापूर्वीं पोरीचें चुकतें तरी कोठें, हें पाहावें असें मनांत आलें. सदतीस वर्षें मुलांचे पेपर तपासलेल्या माणसाच्या पुढ्यांत नातवंडाची वही पडावी, त्यांत लाल शाईच्या फुल्याच फुल्या असाव्यात, आणि कशावर फुली आहे हें त्याला वाचतां येऊं नये, यासारखी लज्जेची गोष्ट नाहीं. त्या फुल्या समजाव्यात, एवढ्याच माफक हेतूनें आम्हीं कँटनी शिकण्यास आरंभ केला.

आरंभीं आमचा उत्साह कांहींसा अहंकाराचाच होता. शिक्षाशास्त्र वाचलेल्या माणसाला उच्चारांची भीति ती काय! आणि खरोखरच पहिला महिना आम्हांस फार सुखाचा गेला. इंग्रज शिकाऊ ज्या ठिकाणीं वर्षानुवर्षें ठेंचाळतो, तें आम्हांस आईच्या दुधाबरोबर मिळालेलें आढळलें. कँटनींत अल्पप्राण व महाप्राण यांचा भेद कडक आहे. क निराळा, ख निराळा. त निराळा, थ निराळा. हाँगकाँगच्या नकाशावर ‘ताइ ओउ’ हें कोळ्यांचें गांव आहे आणि ‘थाइ कू’ हा शहराचा एक भाग आहे. रोमन लिपींत दोहोंचा आरंभ एकाच रीतीनें लिहितात आणि पाहुणा तेथेंच फसतो. देवनागरींत त, थ लिहिले कीं काम झालें. तीच गोष्ट ऱ्हस्वदीर्घाची. ‘सम्’ म्हणजे हृदय आणि ‘साम्’ म्हणजे तीन. ‘कै’ म्हणजे कोंबडी आणि ‘काइ’ म्हणजे रस्ता. आमच्या ओळखीचे एक पंजाबी व्यापारी, ज्यांनीं सर्व इंग्रजी पुस्तकावरूनच शिकलें आहे, ते रस्त्याचें नांव सांगतांना इतकीं वर्षें कोंबडीच सांगत आले आहेत. चाक, चूल, चोर यांतील आपला जो दंत्य च, तोही कँटनींत जसाच्या तसा आहे. मात्र त्याचा महाप्राण आपल्याकडे नाहीं, तो ओढून ताणून घडवावा लागला. आमच्या ‘तुंग चुंग’मधील चुंग खरोखर त्या महाप्राणाचा आहे, तो येथें लिहिण्यास आमच्यापाशीं अक्षर नाहीं.

संस्कृतज्ञास ज्यांचें विशेष कौतुक वाटावें, अशा आणखी दोन गोष्टी. पहिली, ङकाराची. आपल्या वर्णमालेंतील हा बिचारा कोणत्याही शब्दाच्या आरंभीं येत नाहीं, म्हणून मुलें त्याला ‘रिकामा’ म्हणतात. कँटनींत ‘मी’ म्हणजे ‘ङॉ’. एवढेंच नव्हे, तर स्वराचा आधारही न घेतां नुसता ‘ङ्’ म्हणजे पांच हा आंकडा, आणि नुसता ‘म्’ म्हणजे नकार! दुसरी गोष्ट, शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाची. दहाला ‘सप्’, आठाला ‘पात्’, सहाला ‘लुक्’. पण हे प्, त्, क् उच्चारतांना जीभ अथवा ओठ जागेवर जाऊन मिटतात, आणि पुढें उघडतच नाहींत. असा अर्धवट गिळलेला उच्चार आमच्या प्रातिशाख्यकारांस पुरता ठाऊक होता, आणि त्यांनीं त्यास ‘अभिनिधान’ अशी संज्ञाही दिलेली आहे. ती संज्ञा आम्हीं विद्यार्थ्यांस कितीदां सांगितली असेल. परंतु अभिनिधान म्हणजे काय, हें आमच्या कानांनीं प्रथम ऐकलें तें तुंग चुंगच्या भाजीबाजारांत.

हा सुखाचा महिना संपला आणि स्वर सुरूं झाले.

कँटनींत सहा स्वर आहेत. पहिला उंच व सपाट, दुसरा चढता, तिसरा मध्यम व सपाट, चौथा खालीं उतरणारा, पांचवा तळांतून किंचित् वर जाणारा, सहावा तळाशींच सपाट. ‘सी’ हें एकच अक्षर घ्यावें: पहिल्या स्वरांत काव्य, दुसऱ्यांत इतिहास, तिसऱ्यांत परीक्षा, चौथ्यांत काळ, पांचव्यांत बाजार आणि सहाव्यांत ‘आहे’. तेथील भाषाशास्त्र मंडळानें १९९३ सालीं रोमन लिपींत ही भाषा लिहिण्याची एक पद्धति ठरविली, तींत प्रत्येक अक्षरापुढें १ ते ६ हा आंकडा घालतात. आम्हीं आरंभीं आपल्या वहींत वैदिक खुणा वापरून पाहिल्या, खालीं आडवी रेघ, वर उभी रेघ. पण सहांना त्या पुरल्या नाहींत, आणि शेवटीं आंकड्यांसच शरण जावें लागलें.

‘इंद्रशत्रु’ या शब्दाची कथा वाचकांस ठाऊक असेलच. त्वष्ट्यानें इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. परंतु स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि इंद्रच ज्याला मारील असा पुत्र जन्मला. ही कथा आम्हीं वर्गांत सांगत असूं, आणि मुलांबरोबर आम्हीही मनांत तिला थोडी अतिशयोक्तिच मानीत असूं. भाजीबाजारांत तिची प्रचीति आली. ‘माइ’ हें क्रियापद. पांचव्या स्वरांत त्याचा अर्थ विकत घेणें, सहाव्यांत विकणें. आम्हीं भेंडीकडे बोट दाखवून मोठ्या ऐटीनें वाक्य म्हटलें. भाजीवालीनें आमच्या पिशवींत डोकावून पाहिलें व हात पुढें केला. आम्ही तिला भेंडी विकण्यास आलों होतों! दुसरे खेपेस टोमॅटो चार मागितले, तर शेजारची म्हातारी दचकून पाहूं लागली. ‘सेइ’ तिसऱ्या स्वरांत चार, आणि दुसऱ्या स्वरांत मरण. आमच्या इमारतींत ४, १४ आणि २४ हे मजले कां नाहींत, तें त्या दिवशीं समजलें.

वेदाचें स्वरशास्त्र जाणणाऱ्यास तरी हें सोपें जावें, असें कोणी म्हणेल. आम्हांसही तसेंच वाटत होतें. अनुभव उलट आला. वैदिक स्वर शब्दाच्या रचनेबरोबर हलतो, समासांत त्याची जागा पालटते, म्हणून त्याची उपपत्ति लावतां येते. येथें प्रत्येक अक्षराला जन्मतःच त्याचा स्वर चिकटलेला असतो, आणि तो कां, याला उत्तर नाहीं. शिवाय आपल्या मराठींत आवाजाची चढउतार ही मनाची असते. प्रश्न विचारतांना, रागांत, विनवणींत आवाज आपोआप वर जातो किंवा खालीं येतो. कँटनींत तसें केलें कीं शब्दच बदलला. आम्ही नम्रतेनें आवाज चढवून प्रश्न विचारावा, आणि ऐकणाऱ्याच्या कानीं भलतीच वस्तु पडावी! तोंडाला लागलेलें हें वळण सोडविणें, हेंच खरें कष्टाचें काम.

या बाबतींत आमच्या कुटुंबानें आम्हांस केव्हांच मागें टाकलें. स्वर किती, ते कोणते, याची तिनें कधीं चौकशीही केली नाहीं. भाजीवालीचें वाक्य ती भजनाची चाल उचलावी तसें उचलते आणि तसेंच परत करते. आम्ही मांस खात नाहीं, हें सांगण्यास ‘सिक् चाइ’ हे शब्द तिनें पहिल्या आठवड्यांतच मिळविले; त्यांतील ‘चाइ’ला बौद्ध उपासाचा वास असल्यामुळें म्हाताऱ्या बायका तिच्याकडे आदरानें पाहतात. कोणी काम केलें तर आभार मानतांना ‘म् कॉइ’, आणि कोणी वस्तु भेट दिली तर ‘तॉ चे’, हा भेदही तिला कोणीं शिकविला नाहीं. बाजारांत वजनाचें माप ‘कन्’ म्हणून आहे, सहाशें ग्रॅमहून थोडें अधिक, आणि त्याचे सोळा भाग; शेर आणि छटाक यांची संवय असलेल्या तिच्या माहेरच्या घराण्याला तें परकें वाटलेंच नाहीं. भाजीवाली तिला ‘लेङ् नोइ’ म्हणते. त्याचा अर्थ ‘सुंदर मुली’ असा आहे, आणि बाजारांत तो सर्व वयाच्या बायकांस लावतात, हें आम्हीं तिला अद्याप सांगितलेलें नाहीं.

आम्हांस गुरु मिळाले ते शेजारच्या दारांतील एक वृद्ध गृहस्थ. आयुष्यभर त्यांनीं बस चालविली. इंग्रजी तुटकें येतें, तेवढ्यावर आमचें भागतें. आम्ही शिक्षक होतों असें समजतांच ते आम्हांस ‘आ-सर’ म्हणूं लागले. हाँगकाँगचीं मुलें मास्तरांस याच नांवानें हांक मारतात. इंग्रजांचें राज्य गेलें, तरी ‘सर’ राहिला आहे. एरवीं कोणाही सद्‌गृहस्थास ‘सीन् साङ्’ म्हणतात, म्हणजे ‘आधीं जन्मलेला’. तुमच्या भाषेंत स्वर किती, असें आम्हीं त्यांस पहिल्या दिवशीं विचारलें, तर ते विचारांत पडले आणि म्हणाले, “मोजले नाहींत, आ-सर.” नंतर घरीं जाऊन, मुलाला विचारून, ‘सहा, वॉ’ असें सांगत आले. हा शेवटचा ‘वॉ’ पांचव्या स्वरांत म्हटला, म्हणजे त्याचा अर्थ नेमका आपल्या ‘म्हणे’ सारखा होतो: सहा आहेत म्हणे, आम्हीं कांहीं पाहिलें नाहीं! इंग्रजीला न जमणारी ही खुबी दोन्ही भाषांत सारखी सांपडावी, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें. नात्यांचेंही तसेंच. बापाचा थोरला भाऊ ‘पाक्’, धाकटा ‘सुक्’, आईचा भाऊ ‘खौ फू’. आत्या आणि मावशी निराळ्या, त्यांतही थोरली धाकटी वेगळी. सर्वांना एकाच ‘अंकल’च्या माळेंत ओंवण्याचा आळशीपणा त्यांनीं केलेला नाहीं.

दररोज सायंकाळीं समुद्रकांठच्या बाकावर हे आमचे गुरु आणि आम्ही ‘सी’चीं सहा रूपें म्हणत असूं. वेदपाठशाळेंतील मुलें हात हालवून स्वर दाखवितात, तसा आम्ही हात हालवूं लागलों. प्रथम ते हंसले, मग स्वतःच हात हालवूं लागले. नात मध्यें बसून परीक्षण करी. “आजोबा, तो बाजार नाहीं झाला, तें ‘आहे’ झालें. पुन्हां म्हणा.” पुन्हां म्हणावें, तर “आतां काळ झाला!” तिचेंही एक वैगुण्य आम्हांस लौकरच सांपडलें. ‘तूं’ला गुरुजी ‘नेइ’ म्हणत, ती ‘लेइ’ म्हणे. ‘ङॉ’मधला ङ ती गिळून टाकी. तेथील तरुण पिढी सर्रास असेंच बोलते, आणि वृद्ध लोक त्यास ‘आळशी उच्चार’ म्हणतात. ही तक्रार ऐकून आम्हांस अगदीं घरच्यासारखें वाटलें.

असें वर्ष गेलें आणि वहींतल्या फुल्या उलगडूं लागल्या. तेथें आम्हांस जें दिसलें, तें सांगण्यासाठींच हा लेख लिहिण्यास घेतला आहे.

हाँगकाँगांत बोलतात ती भाषा लिहीत नाहींत. लिहितात ती प्रमाण चिनी, जिची घडण उत्तरेकडच्या भाषेची आहे. ती वाचतांना अक्षरें मात्र कँटनी उच्चारांनीं वाचतात. ‘तो नाहीं’, म्हणजे ‘अमुक तो नव्हे’, हें मुलाला खेळतांना म्हणावयाचें असेल तर तें म्हणतें, ‘खोइ म् है’. तेंच वहींत लिहावयाचें तर ‘था पत् सी’. तीन अक्षरांपैकीं एकही सारखें नाहीं! चिनी घरांतील मुलांस ही दुसरी भाषा नकळत मिळते. आई निजतांना गोष्टीचें पुस्तक वाचते, आजोबा वर्तमानपत्र मोठ्यानें वाचतात. आमच्या घरीं हें कोण करणार? नातीनें ‘वाक्यें करा’ या प्रश्नास जें लिहिलें होतें, तें सर्व ती बोलत होती तसें, अगदीं शुद्ध कँटनी होतें. अक्षरें गिचमिड होतीं, हें खरें. तेथें अजून जुनीं पूर्ण अक्षरें चालतात, आणि एकट्या ‘नागराज’ या अर्थाच्या अक्षरालाच सोळा रेघा लागतात. परंतु मुलगी लक्ष देत नव्हती, हें खोटें होतें. तिनें इतकें नीट लक्ष दिलें होतें कीं, वर्गांतील पोरें जसें बोलतात, तसेंच तिनें लिहिलें होतें. परभाषी मुलांना चिनी ही दुसरी भाषा म्हणून पायरीपायरीनें शिकवावी, असा आराखडा तेथील शिक्षणखात्यानें २०१४ सालीं काढला आहे. पण आराखडा वर्गापर्यंत पोंचण्यास शिक्षकाला सवड लागते, आणि तीस पस्तीस मुलांच्या वर्गांत ती किती असते, हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे.

ती वही मिटल्यावर आम्हांस बराच वेळ झोंप आली नाहीं. आमच्या शाळेंत मावळांतून मुलें येत. तीं निबंधांत ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘म्या गेलो’ असें लिहीत, आणि आम्ही लाल शाईनें तें सर्व खोडीत असूं. एकानें ‘आमची नदी’ या विषयावर लिहिलें होतें. नदीला पूर आल्यावर त्याची आजी पलीकडच्या कांठावर अडकून राहिली आणि हे लोक या कांठावरून तिला हांका मारीत राहिले, असें कांहींसें त्यांत होतें. आम्हीं त्याच्या सतरा चुका काढल्या, आणि वर्गाला हंसण्याकरितां दोन वाक्यें मोठ्यानें वाचून दाखविलीं. वर्ग हंसला. दिवाळीनंतर तो मुलगा शाळेंत आला नाहीं. शेतीचीं कामें असतील, असें आम्हीं हजेरीपटावर लिहिलें. त्यानें लिहिलेलें त्याच्या घरचें शुद्ध मराठी होतें, आणि शाळेचें मराठी ही त्याला दुसरी भाषा होती, हें आम्हांस कळण्यासाठीं हाँगकाँगपर्यंत जावें लागलें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं चिरंजीवांस सांगितलें कीं, मुलीला पुण्यास पाठवूं नका. निदान आणखी एक वर्ष थांबा. त्यांनीं विचारलें, “बाबा, तुम्हांलाच तर पुण्याला जायचं होतं ना?” आम्हीं त्याला उत्तर दिलें नाहीं.

उपाय साधाच होता: कोणी तरी पोरीपुढें रोज पुस्तकी भाषा मोठ्यानें वाचावयास हवी. आम्हीं शेजारच्या गुरुजींस विनंति केली. ते प्रथम तयार होईनात. “मी प्राथमिक शाळेंतून बाहेर पडलों, आ-सर, बायको वाचायची, ती गेली.” पण एके दिवशीं मुलांचें गोष्टीचें पुस्तक घेऊन आले. रोज सायंकाळीं अर्धा तास ते वाचतात, नात ऐकते, आम्ही दोघें शेजारीं बसतों. मग ती तीच गोष्ट आपल्या बोलण्यांत सांगते, आणि कोठें ‘म् है’चें ‘पत् सी’ होतें, तें तिचें तीच पाहते. गेल्या परीक्षेंत शंभरांपैकीं छप्पन्न मिळाले. आधींचे एकतीस होते. शाळेकडून पुन्हां पत्र आलें नाहीं. मुलगी यापुढें कोठें शिकेल, तें या वर्षाच्या शेवटीं ठरावयाचें आहे.

याच गुरुजींबरोबर गेल्या महिन्यांत आम्ही सर्व डोंगरावरील पो लिन मठाकडे गेलों होतों. आमच्या वस्तीवरून झुलत्या पाळण्यांतून तेथें जातां येतें. मठांत जपाचा घोष चालला होता, आणि त्यांतील दोन शब्दांनीं आम्ही जागच्या जागीं उभे राहिलों. बुद्धास कँटनींत ‘फत्’ म्हणतात. पेकिंगच्या भाषेंत तें नुसतें ‘फो’ राहिलें आहे. पण आपल्या ‘बुद्ध’मधील दकार ज्या तकारानें चिन्यांनीं फार प्राचीन काळीं टिपला, तो तकार दक्षिणेनें अजून सांभाळला आहे, अर्थात् अभिनिधानासहित. बोधिसत्त्वाचें ‘फोउ सात्’ झालें, त्यांतही सत्त्वाचा तकार शाबूत. आणि ‘नमो’चें ‘नाम् मो’. उत्तरेस मकारान्त शब्द उरलेच नाहींत, येथें ते सर्व आहेत.

मठापासून थोड्या अंतरावर डोंगरउतारावर अडतीस प्रचंड लांकडी खांब उभे केले आहेत, आणि त्यांवर प्रज्ञापारमिताहृदयसूत्राचीं चिनी अक्षरें कोरलेलीं आहेत. सर्वांत उंचावरचा खांब शून्यता सुचविण्याकरितां कोराच ठेवला आहे. हीं अक्षरें हाँगकाँगचे थोर पंडित जाओ त्सुंग-ई यांच्या हातचीं; ते २०१८ सालीं वारले. आपल्या वाचकांस त्यांच्याविषयीं ममत्व वाटण्याचें कारण असें कीं, हे पंडित संस्कृत शिकले ते एका महाराष्ट्रीयापाशीं. वसंत वासुदेव परांजपे हे भारत सरकारच्या परराष्ट्रखात्यांतील चिनी भाषेचे जाणते. ते हाँगकाँगच्या कचेरींत असतां त्यांनीं जाओंना संस्कृत शिकवावें आणि जाओंनीं त्यांना प्राचीन चिनी ग्रंथ समजावून द्यावेत, असा दोघांचा व्यवहार ठरला. पुढें १९६३ सालीं जाओ पुण्यास भांडारकर संशोधन मंदिरांत अभ्यासासाठीं येऊन राहिले. ज्या रस्त्यानें आम्हीं सदतीस वर्षें सायकल दामटली, त्या रस्त्यानें हा मनुष्य चालला असेल.

खांबांखालीं बसून ही हकीकत आम्हीं मोडक्या कँटनींत गुरुजींस सांगितली. ‘परांजपे’ हें नांव त्यांस उच्चारतां येईना, म्हणून बराच हंशा झाला. मग ते थोडे गंभीर झाले आणि म्हणाले, “आ-सर, आमची म्हातारी रोज फत् फत् म्हणत असे. तुमच्या देशांत त्याला खरें काय म्हणतात, तें मला म्हणतां आलें पाहिजे.” आम्हीं ‘बुद्ध’ म्हणून दाखविलें. त्यांच्या भाषेंत ब नाहीं, द नाहीं, ध तर नाहींच नाहीं. ते म्हणाले, “पुत्-ता.” नातीनें मान हालविली आणि आम्हांस बाकावर बसून जें ती रोज म्हणत असे, तेंच त्यांच्या भाषेंत त्यांना म्हटलें: चुकलें, पुन्हां म्हणा.

तेव्हांपासून बाकावर आधीं आमची ‘सी’ होते, मग पुस्तक, आणि शेवटीं त्यांचा ‘बुद्ध’. परवां बकार जमला. धकार अजून बसलेला नाहीं.